गुरुवारच्या चकत्या

सासूबाई : दार लावून घ्या. कडीसुद्धा. आणि तो पंखा बंद करा, त्याच्या घरघरीत मला काही ऐकू येत नाही.

जावई : आई, झालंय तरी काय? फोनवर म्हणालात, नळ गळतोय, पाना घेऊन या. नळ तर ठणठणीत आहे.

सासूबाई : नळाला काय धाड भरलीय! बबडी माझी लेक असली तरी तिच्या कानावर जाणार म्हटल्यावर दुसरं काय सांगणार होते? बसा. कामावर कधी जायचंय?

जावई : चारला उघडतो आम्ही. आत्ता एक वाजतोय. पण आज गुरुवार ना? तुम्हाला अंधशाळेत जायचं नाही?

सासूबाई : कळवलंय, बरं नाही म्हणून. ते सिंकखालचं कपाट उघडा. फिनाइलच्या मागे एक बाटली आहे, ती काढा.

जावई : ही? ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी. लहान मुलांपासून दूर ठेवा.’ सांध्यांना चोळायचं काही आहे का?

सासूबाई : ती चिठ्ठी मी चिकटवलीय. खरवडा आणि खाली वाचा.

जावई : अरे बापरे! आई, ही जिन आहे.

सासूबाई : मग मला काय माहीत नाही? मीच आणलीय.

जावई : तुम्ही? दुकानात जाऊन?

सासूबाई : नाहीतर काय, घरपोच मागवू? शेजारणीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या असत्या. दोन बस बदलून लांबच्या दुकानात गेले. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, वर काळा चष्मा. म्हटलं, जिन द्या, साधी. तर गल्ल्यावरचा बाप्या म्हणतो कसा, “बाई, तुम्ही दवाखान्यात औषधं द्यायच्या ना? जंताचं कडू औषध मला नाक दाबून पाजलं होतंत!” आवाजावरून ओळखलं मेल्याने.

जावई : मग?

सासूबाई : मग काय, शरमेनं अर्धी झाले. त्याने बाटली कागदात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि म्हणाला, “बाई, जेवणाआधी की जेवणानंतर, ते नीट विचारलंय ना डॉक्टरांना?” तीस वर्षांनी उट्टं काढलं त्याने. हसू नका.

जावई : नाही हसत. पण तुम्ही आणि जिन, माझ्या डोक्यात शिरत नाहीये. लग्नाला नऊ वर्षं झाली. मी काय काम करतो असं कुणी विचारलं तर तुम्ही आजही सांगता, ‘हॉटेलात आहेत.’ लोकांना वाटतं, मी मॅनेजर आहे.

सासूबाई : वाटू दे की. तुमचं काय बिघडलं? आता ऐका. मला गिमलेट करायला शिकवा.

जावई : ह्या कॉकटेलचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?

सासूबाई : ह्यांनी.

जावई : बाबांनी?

सासूबाई : हे बघा. ह्यांच्या राखाडी कोटाच्या आतल्या खिशात सापडल्या. सात महिने मी त्या कोटाला हात लावला नव्हता. सोमवारी म्हटलं, कुणाला तरी देऊन टाकावा, नुसता टांगून कुणाच्या कामाचा. आणि ह्या निघाल्या. चौदा चकत्या, ग्लासाखाली ठेवतात त्या. एका बाजूला तुमच्या हॉटेलचा तो लांब शेपटीचा पक्षी, दुसऱ्या बाजूला ह्यांचं अक्षर.

जावई : चौदाच आहेत?

सासूबाई : का? किती हव्या होत्या?

जावई : नाही, उगीच विचारलं.

सासूबाई : उगीच काही विचारणाऱ्यातले तुम्ही नाही. पहिलीवर लिहिलंय ‘गिमलेट’, खाली साठ, वीस, वीस. त्यावर फुली. दुसरीवर पन्नास, वीस, पंधरा. फुली. तिसरीवर पंचेचाळीस. फुली. जन्मभर औषधं मिसळली मी. असे तीन आकडे एकाखाली एक दिसले की मला कळतं, हे काहीतरी मोजून ओतायचं आहे. आणि प्रत्येकीवर तारीख. कॅलेंडर काढून ताडून पाहिलं. सगळे गुरुवार.

जावई : आई...

सासूबाई : गुरुवारी तीन ते सहा मी अंधशाळेत मुलींना वाचून दाखवते. हे मला सांगायचे, “मी पुलापर्यंत पाय मोकळे करून येतो.” आणि पाय मोकळे करत जायचे कुठे, तर जावयाच्या काउंटरवर! आणि तुम्ही त्यांना पाजत होतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला! एकदाही तुमचा हात थरथरला नाही?

जावई : एक घोट, आई. दर वेळी फक्त एक घोट.

सासूबाई : सगळे बेवडे हेच सांगतात.

जावई : बेवड्यांचं मला नका सांगू, अठरा वर्षं त्यांच्यासमोर उभा आहे मी. बाबा चारला यायचे. तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. मी करून द्यायचो. ते एक घोट घ्यायचे, डोळे मिटून जिभेवर घोळवायचे आणि म्हणायचे, “नाही. हे नाही.” मग चकतीवर फुली. उरलेलं मी त्यांच्यादेखत बेसिनमध्ये ओतायचो. नंतर अर्धा तास ते साधं पाणी पीत बसायचे. बबडीची शपथ घेऊन सांगतो.

सासूबाई : घोट म्हणजे किती?

जावई : सहा-सात मिलिलिटर.

सासूबाई : चौदा आठवडे. सात-सात. म्हणजे साडेतीन महिन्यांत शंभरसुद्धा नाही, आणि त्यातही लिंबू-साखर आलंच. ह्याहून जास्त तर आमच्या दवाखान्यातल्या खोकल्याच्या औषधात असायची. हुश्श. जीव भांड्यात पडला माझा. खरं सांगू? सोमवारपासून तुमचं तोंडसुद्धा बघू नये असं वाटत होतं मला.

जावई : मग बोलावलंत कसं?

सासूबाई : कारण हे तिथे कशाला येत होते, ते तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

जावई : ते मी नाही सांगू शकत.

सासूबाई : का? मिठाची गुळणी धरलीय?

जावई : शब्द दिलाय. पहिल्याच दिवशी म्हणाले, “घरी कळता कामा नये. बबडीलासुद्धा नाही.” मी हो म्हणालो. काउंटरवरचं बोलणं काउंटरवरच राहतं, आई. ह्या धंद्यात आम्हाला तेवढीच काय ती अब्रू असते.

सासूबाई : माणूस गेला तरी?

जावई : गेला म्हणून तर जास्त. आता ते येऊन मला मोकळं करू शकत नाहीत ना.

सासूबाई : हं. जावई शोधायला निघाले होते तेव्हा ह्यांना म्हटलं होतं, मुलगा शब्दाचा पक्का हवा. भोगा आता म्हणावं. बरं, तुम्ही शब्द मोडा असं मी म्हणणार नाही. पण माझं एक ऐकून घ्या, मग कामाला लागू.

जावई : बोला ना.

सासूबाई : हे गेले मंगळवारी सकाळी. त्याच्या आधीच्या रविवारी हे त्या खुर्चीत बसले होते, मी इथे चष्मा पुसत होते. म्हणाले, “येत्या गुरुवारी माझ्याबरोबर येशील का जरा?” मी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, “गुरुवारी मला वेळ नसतो, ठाऊक आहे ना?” कुठे, कशाला, काही विचारलं नाही. हे ‘बरं’ म्हणाले आणि पेपर उघडला. संपलं. बाकी सगळं रडून झालं माझं, दिवसपाणी झाले, कागदपत्रं झाली. पण त्या ‘बरं’पाशी मी अडकून बसलेय. मी नाही म्हणाले ते कशाला, तेच मला माहीत नाही.

जावई : आई, पाणी देऊ?

सासूबाई : पाणी नको. आणि ह्या चकत्या मिळाल्यापासून तर वाटायला लागलंय, माझ्याबरोबर घरात ह्यांचा जीव गुदमरत असेल. मी जरा कडक आहे, मला काय कळत नाही? बाहेर जाऊन मोकळा श्वास घेत असतील. तसं असेल तर तसं. पण मला कळू दे. तुमच्या शब्दाला धक्का न लावता तुम्ही मला फक्त कृती दाखवा. कृती सांगायला तर बंदी नाही?

जावई : नाही. कृती सांगायला नाही.

सासूबाई : मग उठा.

जावई : आधी दोन ग्लास विसळून वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. लहान, पायाचे असतील तर बरं. लिंबं किती आहेत?

सासूबाई : सहा. पिळू?

जावई : थांबा, तशीच नका कापू. ओट्यावर तळहाताखाली दाबून लाटा आधी. अशी. आतून मऊ झाली की रस सुटतो. बी पडू देऊ नका, आणि साल फार आवळू नका, कडवट होतं.

सासूबाई : साखरेचं काय? पाक करायचा का?

जावई : पाक नाही. जेवढी साखर तेवढंच गरम पाणी, विरघळेपर्यंत ढवळायचं, बस. मग गार होऊ द्यायचं.

सासूबाई : एवढंच? मला वाटलं तुमच्या धंद्यात काहीतरी जादूबिदू असेल.

जावई : जादू कसली! तीन वस्तू आणि बर्फ. म्हणून तर अवघड. लपायला जागाच नाही. काही जास्त झालं तरी कळतं, कमी झालं तरी कळतं. मोजायला काय आहे तुमच्याकडे?

सासूबाई : काय आहे विचारता? हा बघा, माझा दवाखान्यातला काचेचा मोजपेला. निवृत्त झाले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी दिला. शाल-नारळापेक्षा हा बरा.

जावई : असला तर आमच्याकडेही नाही. कुठला आकडा घ्यायचा?

सासूबाई : शेवटचा, चौदावीचा. पंचावन्न, वीस, अठरा. ह्याच्यावरची फुली सगळ्यात बारीक आहे. बाकीच्यांवर कशी खसकन मारलीय.

जावई : बरोबर ओळखलंत. त्या दिवशी म्हणाले होते, “जवळ आलं.” जिन मोजा. नको, एवढी वाकू नका, पाठ धरेल.

सासूबाई : वाकले नाही तर मोजणार कसं? पेला टेबलावर, डोळे रेघेच्या पातळीला, आणि मधला खळगा रेघेला टेकायला हवा. हातात धरून मोजतात ते अंदाज करतात. हा झाला पंचावन्न. वास कसला येतोय हो? झाडाच्या डिंकासारखा.

जावई : त्यात एक रानटी फळ असतं, त्याचा. आवडला?

सासूबाई : ओळखीचा वाटतोय. आता लिंबू वीस. साखर गार झाली की अठरा. पण मला एक कोडं उलगडत नाही. ह्यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. मग ‘हे नाही, ते नाही’ म्हणायला ह्यांना चव ठाऊक कशी?

जावई : प्यायले होते एकदा. दोनच घोट, अडतीस वर्षांपूर्वी... गेलं तोंडातून!

सासूबाई : किती वर्षांपूर्वी?

जावई : आई, मी काही बोललो नाही.

सासूबाई : अडतीस म्हणालात तुम्ही.

जावई : बरं, म्हणालो. आता अर्धं बोललोच आहे, तर एवढंच सांगतो. म्हणाले, “एका संध्याकाळी कुणाच्या तरी ग्लासाच्या तळाशी दोन घोट उरले होते, ते मी प्यायलो. ती चव मला पुन्हा हवी आहे. सापडेल का?” कुणाच्या ग्लासात, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काउंटरवर तसं विचारत नसतात.

सासूबाई : माझ्या.

जावई : काय?

सासूबाई : माझ्या ग्लासात. खुर्ची ओढा इकडे.

जावई : बसा, बसा. राहू दे सगळं.

सासूबाई : राहू दे काय? साखर गार व्हायला वेळ आहे अजून. लग्नाला सहा महिने झाले होते आमच्या. बघून-सवरून, घरच्यांनी ठरवलेलं लग्न. ‘जेवलात का’ आणि ‘दिवा घालवू का’, ह्यापलीकडे आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. आमच्या एका डॉक्टरांचा निरोप समारंभ होता. बायकांसाठी सरबताचा ट्रे आणि पुरुषांसाठी दुसरा. दोन्हींत ग्लास सारखे, रंग सारखा. मी चुकीच्या ट्रेमधला उचलला.

जावई : आणि प्यायलात?

सासूबाई : प्यायले म्हणजे काय, तहान लागली होती, घटाघट प्यायले! आणि मग काय विचारता. घरी येताना वाटेत मी चपला हातात घेतल्या. पुलाच्या कठड्यावर बसून गाणं म्हटलं. मी! माझा आवाज कसा आहे ते तुम्ही बबडीच्या बारशाच्या टेपवर ऐकलाय. हे आपले गर्दीकडे बघत उभे, अवघडून. आणि मी ह्यांचा हात धरून म्हटलं, “तुम्ही मला फार आवडता.” रस्त्यात. मोठ्यांदा.

जावई : मग?

सासूबाई : मग सकाळ झाली. डोकं ठणकत होतं आणि सगळं आठवत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा देताना मी ह्यांना बजावलं, “कालचा विषय ह्या घरात परत कधी काढायचा नाही. माझ्या गळ्याची शपथ.” हे ‘बरं’ म्हणाले. आणि नाही हो काढला! अडतीस वर्षं नाही काढला. चिडवायलासुद्धा नाही. मला वाटलं, विसरले.

जावई : विसरले नव्हते.

सासूबाई : आणि मी तरी काय, ते वाक्य परत कधी म्हटलंच नाही. बिनदारूचं म्हणायला काय जात होतं माझं? आज उद्या करत राहिले. तुम्ही डोळे कशाला पुसताय? लिंबाचा हात लागला असेल.

जावई : हो, लिंबाचाच.

सासूबाई : साखर गार झाली. पुढचं सांगा.

जावई : घट्ट झाकणाची बरणी आहे? ही चालेल. बर्फाचे मोठे खडे काढा. बारीक नको, त्याचं लगेच पाणी होतं. भरा अर्धी बरणी. आता सगळं ओता, झाकण पक्कं लावा, दोन्ही हातांत धरा, आणि बारा मोजेपर्यंत हलवा. अहो, अशी नाही! ही औषधाची बाटली नाही. जोरात. खांद्यापासून. आवाजाकडे लक्ष द्या, आधी खडखड वाजतं, मग आवाज जाड होतो.

सासूबाई : पाच, सहा, हात गारठले, आठ...

(फोन वाजतो.)

सासूबाई : बबडीच असणार. तुम्ही हलवा, थांबू नका. हॅलो! हां गं बबडे. हो, आलेत ना, नळाखालीच आहेत. ही खडखड? पाइपात हवा अडकलीय, ती काढतायत. नाही, पाना लागला. जेवतील इथेच. नवऱ्याची इतकी काळजी असेल तर डबा देत जा वेळेवर. ठेवते. झालं?

जावई : केव्हाच. बरणीवर दव धरलं बघा, हीच खूण. तुम्ही इतकं सराईत खोटं बोलता, मला माहीत नव्हतं.

सासूबाई : जावयाच्या काउंटरवर गुपचूप बसणाऱ्याची बायको आहे मी. गाळणं हे घ्या.

जावई : ग्लास काढा आता, गार झाले असतील. चहाचं गाळणं चालतं. हा तुमचा. थोडाच घ्या. उपाशी आहात.

सासूबाई : पोळी खाल्लीय. तुम्ही नका घेऊ, कामावर जायचंय.

जावई : मी जिभेला लावण्यापुरतं घेतो. धंद्याचा भाग आहे. प्या.

सासूबाई : हं. गार आहे. आंबट आधी येतं, मग तो डिंकाचा वास. वाईट नाही. चांगलंच आहे. पण...

जावई : पण हे नाही?

सासूबाई : फिकं लागतंय जरा. बरणी द्या ती मागची.

जावई : बाबाही असंच म्हणायचे. “शेवटी जिभेवर काहीतरी राहायचं, ते ह्यात नाही.” काय काय नाही केलं मी! जिन बदलली, साल चोळली, कडू थेंब घातले, साखर जाळून पाहिली. आमचा मुख्य आचारी म्हणायला लागला, तुझे सासरे आहेत की तपासणीस? आई, हे काय टाकताय?

सासूबाई : मीठ.

जावई : गिमलेटमध्ये? मीठ कोण घालतं?

सासूबाई : मी घालते. सरबत फिकं लागलं की चिमूटभर घालतेच. दवाखान्यात अशक्त पेशंटला मीठ-साखरेचं पाणी करून करून हाताला सवयच... अगं बाई.

जावई : आई?

सासूबाई : त्या दिवशीही घातलं होतं. सरबत समजून! टेबलावर मिठाची बशी होती. पहिला घोट फिका लागला, म्हणून मी चिमूट टाकली, बोटानं ढवळली आणि प्यायले. ह्यांनी उरलेले दोन घोट घेतले ते त्यातले. मीठ घातलेले.

जावई : बघू? द्या इकडे, एक थेंब.

सासूबाई : घ्या.

जावई : ...अठरा वर्षं काउंटरमागे उभा आहे मी. चौदा आठवडे डोकं फोडून घेतलं. आणि मीठ!

सासूबाई : शेवटी जिभेवर राहतं का काही?

जावई : राहतं. हेच ते. बाबा ह्यावर फुली मारू शकले नसते.

सासूबाई : मला विचारायचं ना पण! एका शब्दात सांगितलं असतं. साडेतीन महिने बिचारा माणूस आकडे मांडत बसला, का, तर मी शपथ घातली होती. कसली मेली ती शपथ! आणि मी काय समजत होते, तर माझ्यापासून पळून जातात.

जावई : पळत नव्हते. येताना कोट घालून, भांग पाडून यायचे. मी एकदा थट्टा केली, कुणाला भेटायला चाललाय? तर लाजले.

सासूबाई : लाजायचेच ते. बरं. आता खरं सांगा. चौदा आहेत म्हटल्यावर तुमचा चेहरा का पडला?

जावई : पंधरा हव्या होत्या.

सासूबाई : पंधरा आहेत. एक मी पोटकपाटात ठेवली होती. म्हटलं, आधी माणूस पारखावा. ही घ्या. हिच्यावर आकडा नाही, फुली नाही. नकाशा आहे. एक लांब पट्टी, तिच्यापाशी दोन गोल, मध्ये बाण काढून लिहिलंय, दीड फूट. जन्मभर पाणीपुरवठ्याचे नकाशे काढले ह्यांनी, मला वाटलं टाक्याच असतील.

जावई : टाक्या नाहीत. ही पट्टी म्हणजे माझं काउंटर.

सासूबाई : आणि हे गोल?

जावई : स्टुलं. तो शेवटचा गुरुवार. त्या दिवशी त्यांनी काही प्यायलंच नाही. माझ्याकडून मोजपट्टी मागून घेतली आणि हे काढत बसले. म्हणाले, “आकडे पुरे झाले. पुढच्या गुरुवारी तिलाच घेऊन येतो. शब्द मोडतो आणि तिलाच विचारतो, त्यात काय होतं म्हणून.” कसला शब्द आणि तुम्हालाच का विचारायचं, ते मला आज कळलं. हे सांगू नका, असं ते म्हणाले नव्हते. त्यांना वाटलं, तुम्ही याल तेव्हा कळेलच.

सासूबाई : आणि मी म्हटलं, गुरुवारी मला वेळ नसतो.

जावई : तुम्हाला कुठे माहीत होतं!

सासूबाई : विचारलं असतं तर कळलं असतं. नका समजूत घालू. हे माझं आहे, माझ्यापाशी राहू दे. पण निदान आता कळलं तरी, कशाला नाही म्हणाले. दीड फूट कशाला लिहिलंय?

जावई : तुम्हाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून तुम्ही त्यांच्या डावीकडे, म्हणजे उजवा कान त्यांच्याकडे, आणि मध्ये एवढंच अंतर. मोठ्यानं बोलावं लागू नये म्हणून. आणि विचारलं, “ही स्टुलं उंच आहेत, तिचे गुडघे दुखतात. पाठ असलेलं, जरा बुटकं मिळेल का?” मी शनिवारी कोठीतून एक शोधून काढलं. पुसून ठेवलं. मग मंगळवारी तुमचा फोन आला.

सासूबाई : टाकून दिलंत?

जावई : नाही. तिथेच आहे, भिंतीकडच्या कोपऱ्यात. कुणी बसायला लागलं तर सांगतो, पाय मोडकाय.

सासूबाई : सात महिने?

जावई : सात महिने. मालकाने दोनदा हटकलं. म्हटलं, राखून ठेवलेलं आहे.

सासूबाई : तुमचं काम मी लोकांना नीट सांगत जाईन आता. बारमन आहेत म्हणून. ह्यांनी पसंत केलं होतं तुम्हाला, मी अडून बसले होते. माझंच चुकलं.

जावई : असू द्या हो आई.

सासूबाई : असू द्या काय! चुकलं तर चुकलं म्हणावं माणसाने. किती वाजले?

जावई : तीन वाजून गेले. मला निघायला हवं.

सासूबाई : चारला तिथे गर्दी असते?

जावई : कुणी नसतं. सहापर्यंत मीच ग्लास पुसत बसलेला असतो.

सासूबाई : मीठ ठेवता ना?

जावई : ठेवतो की. हवं तेवढं आहे.

सासूबाई : तुमचं राहू द्या. चप्पल घाला तुम्ही, तोवर मी घरच्या मिठाची एक पुडी बांधून घेते.